काळ्या कोटावरच्या मुंग्या

मुंग्या पहिल्यांदा दिसल्या त्या बहिणीला, आणि मास्तरांना मुंग्यांपेक्षा त्याचाच राग जास्त आला. रंगवाल्यानं दाखवल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. त्याचं कामच ते. शूटिंगचं चित्र मोठ्या पडद्यावर लावायचं, उजेड थोडा वर-खाली करायचा, रंग जुळवायचे आणि तासातासाला चहा मागवायचा. पण धाकट्या बहिणीनं, जिला बारा वर्षांची असताना आपण कॅमेऱ्यात फिल्म भरायला शिकवलं तिनं, सोफ्यावरून उठून पडद्यापाशी जावं, बोट ठेवावं आणि म्हणावं, "दादा, हिच्या कोटावर मुंग्या चालल्यायत," म्हणजे फारच झालं.

"लांब बस," मास्तर म्हणाले. "एवढं नाक लावून बघितलंस तर तुझ्या तळहातावरही मुंग्या दिसतील."

"मी सोफ्यावरूनच बघितल्या. नाक नंतर लावलं."

रंगवाल्यानं टक्कल खाजवलं आणि चित्र थांबवलं. पडद्यावर घड्याळं दुरुस्त करणारी एक म्हातारी होती, आपल्या अंधाऱ्या दुकानात एकुलत्या एका खिडकीशी बसलेली, अंगात काळा कोट. दिग्दर्शन बहिणीचं, कॅमेऱ्याचं काम मास्तरांचं. चौदा दिवसांचं शूटिंग झालं होतं, नऊ दिवसांचं राहिलं होतं, आणि ते येत्या सोमवारी सुरू व्हायचं होतं. मधल्या आठवड्यात झालेलं काम एकदा नजरेखालून घालावं म्हणून तिघं या खोलीत बसले होते.

खोटं कशाला बोला, मुंग्या होत्या. खिडकीकडचा म्हातारीचा गाल स्वच्छ होता. पण कोट, टेबलाखालची जागा, मागची भिंत, जिथे जिथे सावली होती तिथे बारीक लाल-हिरव्या ठिपक्यांची नुसती वळवळ. फोनवर पाहिलं तर काही कळलं नसतं. पण हे चित्र असं की त्यात घड्याळाच्या काट्यावरची धूळ दिसते, आणि धूळ दिसते तिथे बाकीचं सगळंही दिसतं.

"फिल्मच्या काळात चित्राला कणी असायची," मास्तर म्हणाले. "तेव्हा लोक तिला सौंदर्य म्हणायचे. आता सगळ्यांना काचेसारखं गुळगुळीत पाहिजे."

"फिल्मची कणी सगळ्या चित्रभर असते, मास्तर," रंगवाला हळूच म्हणाला. तो वयानं मास्तरांहून वीस वर्षांनी लहान, पण मवाळ माणसाला कधी कधी फार स्पष्ट बोलता येतं. "गालावर, खिडकीवर, सगळीकडे. ही नुसती सावलीत आहे. आणि कणीला हे असले रंग नसतात."

"मग काढ की. त्याचीच बटणं घेऊन बसलायस ना?"

रंगवाल्यानं बटणं फिरवली. मुंग्या गेल्या. त्यांच्याबरोबर म्हातारीच्या सुरकुत्याही गेल्या. नटी सत्तर वर्षांची, तिचा चेहरा म्हणजे या सिनेमाचं सगळं भांडवल. त्या चेहऱ्यासाठी मास्तरांनी खिडकीचा उजेड तिरका आणायला अख्खी सकाळ घालवली होती. आता तिथे एक मेणाची बाहुली बसली होती आणि घड्याळाकडे बघून मेणासारखीच हसत होती.

"हे नको," बहीण म्हणाली.

"हे नकोच," मास्तरही म्हणाले. त्या दिवशी दोघांचं एवढं एकच जुळलं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. निर्मात्यानंही तेच पाहिलं होतं आणि त्याचं म्हणणं सरळ होतं. दोष कुणाचा ते सोमवारच्या आत कळलं पाहिजे, आणि ज्याचा असेल तो पुढच्या नऊ दिवसांत सेटवर दिसता कामा नये.

"ज्याचा असेल तो म्हणजे?"

"दादा, मला त्यात ओढू नकोस. शोधून काढ."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. छत्तीस वर्षं कॅमेऱ्यामागे काढली, त्यातली दहा नवख्यांना शिकवण्यात, म्हणून तर सगळे मास्तर म्हणायचे. त्या माणसाला शेंबड्या पोरासारखं सांगायचं की कुणी सांडलं ते शोध! पण शोधणं त्यांच्या हाडातच होतं. रागारागानं का होईना, दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामाला लागले.

असल्या मुंग्यांची कारणं काही शंभर नसतात. उजेड पुरत नाही म्हणून कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली की त्या येतात. मास्तरांनी कॅमेऱ्यानं केलेली एकेका शॉटची नोंद रंगवाल्याच्या मोठ्या पडद्यावर तपासली. संवेदनशीलता जिथे ठेवायची तिथेच होती, एका आकड्यानंही हललेली नव्हती. कॅमेरा फार तापला तरी येतात. त्यांनी भाड्यानं देणाऱ्याकडून तोच कॅमेरा परत मागवला, लेन्सवर झाकण लावलं आणि तो चार तास तसाच चालू ठेवून नुसता काळोख टिपला. भाडेवाला दर अर्ध्या तासानं येऊन, वेड लागलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसा बघून जात होता. काळोख स्वच्छ निघाला. एकही मुंगी नाही. पडदा स्वतःच चित्र जास्त धारदार करत असेल तरीही येतात. रंगवाल्याचा पडदा धुतल्या तांदळासारखा होता.

प्रत्येक कारण गळालं की माणसाला खरं तर बरं वाटायला हवं. मास्तरांना मात्र आपल्याला कुणीतरी भिंतीकडे सरकवत नेतंय असं वाटत होतं. आणि भिंतीला पाठ लागली तेव्हा त्यांना सून आठवली.

सून सेटवर डेटाचं काम करायची. कॅमेऱ्यातून उतरणारं चित्र कुठल्या दर्जाचं नोंदवायचं ते ठरवायचं, ते तपासायचं, दोन ठिकाणी जपून ठेवायचं. तिला या धंद्यात मास्तरांनीच आणलं होतं, आणि चारचौघांत "आमची सूनबाई म्हणजे तिजोरी" असं सांगताना त्यांची छाती फुगायची. पण आता त्यांनी मनाशी ताडलं, जागा वाचवायला हिनं दर्जा खाली आणला असणार. चित्र फार दाबून ठेवलं की पहिली घाण सावलीतच होते. पुरावा नव्हता. पण बाकी सगळं गळालं होतं आणि गुरुवार उजाडला होता.

"मला वाटतं, नोंदवण्यातच घोळ आहे," त्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं.

"म्हणजे तुझी सून?"

"मी नाव घेत नाहीये."

"दुसरं कोण आहे तिथे?"

मास्तर गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं जे व्हायचं ते झालं. दुपारी बहिणीनं सुनेला कळवलं की सोमवारपासून येऊ नकोस.

त्या दिवशी घरात जेवताना जे झालं ते न झालेलंच बरं. सून नेहमीसारखी समोर बसली होती. मुलगा एकदा बायकोकडे आणि एकदा बापाकडे बघत होता, टेनिसची मॅच बघावी तसा. शेवटी त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही खात्री केलीत?"

"खात्री केल्याशिवाय मी बोलतो का?"

"नाही म्हणजे, दर्जाचा आकडा फाइलमध्येच असतो ना? उघडून बघितलं की कळतं."

"आता तू मला कॅमेरा शिकव!"

"माझ्या टेबलावर कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही," मास्तरांची बायको म्हणाली. "तुमच्या त्या मुंग्या तुमच्या त्या पडद्यावर. इथे साखरेच्या डब्यात निघाल्या तर मला सांगा."

कुणी हसलं नाही. सुनेनं पाण्याचा तांब्या मास्तरांकडे सरकवला आणि ताट उचलून आत गेली. ती भांडली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. भांडणाऱ्या माणसावर आवाज चढवता येतो. हिनं आवाज चढवायला जागाच ठेवली नाही.

शुक्रवारी सकाळी रंगवाल्यानं फोन केला. मुलगा म्हणाला होता तेच त्यानं केलं होतं, चौदाही दिवसांच्या फाइल उघडून पाहिल्या होत्या. दर्जा सगळीकडे वरचाच होता. सुनेनं काडीची काटकसर केली नव्हती.

"मग?" मास्तर खेकसले.

"मास्तर, रागावू नका. चित्रात मुळात उजेडच कमी आहे. दोन-अडीच स्टॉप तरी, म्हणजे हवा त्याच्या पाव हिश्शाएवढाच. तो मी इथे ओढून वर आणतो, त्याबरोबर सावलीतल्या मुंग्याही वर येतात. दुसरं काही नाही."

"अशक्य! मी स्वतःच्या डोळ्यांनी मॉनिटरवर बघून उजेड ठरवलाय. भरपूर होता!"

"असेल."

"असेल काय? थांब तू. मॉनिटर घेऊन येतो आणि तुझ्यापुढे ठेवतो. बहिणीलाही बोलाव."

मास्तरांचा मॉनिटर म्हणजे पुस्तकाएवढा एक पडदा, कडा झिजलेल्या, मागे चिकटपट्टी. सहा वर्षं दुसऱ्या कुणाला त्यांनी त्याला हात लावू दिला नव्हता. कॅमेऱ्याला जोडून ते त्यातच बघायचे. बाकीच्यांनी बाकीच्या पडद्यांवर काय बघायचं ते बघावं. तो बगलेत मारून ते तरातरा रंगवाल्याच्या खोलीत शिरले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तार जोडली. म्हातारी, दुकान, काळा कोट. सगळं लख्ख.

"हे घ्या! हा काय अंधार आहे? आहे का अंधार?"

बहीण पुढे झुकली. "यात सगळंच पांढरट आहे, दादा. कोट राखाडी दिसतोय."

"कोट काळाच आहे."

"कोट काळाच आहे. इथे राखाडी दिसतोय."

रंगवाल्यानं म्हातारी काढून त्या जागी रंगाच्या पट्ट्या लावल्या. पडदे तपासायला लावतात त्या. शेवटची पट्टी काळीकुट्ट असायला हवी. ती चुलीतल्या राखेसारखी होती. त्यानं मॉनिटर उलटा करून मागचं बटण पाहिलं.

"ब्राइटनेस एवढा कुणी वाढवला?"

"तो तेवढाच असतो."

"एवढा नसतो, मास्तर. हा जवळजवळ टोकाला आहे." त्यानं बटण फिरवलं. पट्टी काळी होईपर्यंत फिरवलं, थांबला, आणि म्हातारीला परत आणलं. "आता बघा. हे खरं चित्र. जे कॅमेऱ्यात गेलं ते."

मास्तरांनी बघितलं. "काय बघू? काळोख करून ठेवलास. यात कुणाच्या बापाला दिसणार आहे?"

बहिणीनं रंगवाल्याकडे बघितलं.

"अंधारं आहे," बहीण सावकाश म्हणाली, "पण दिसतंय, दादा. टेबल दिसतंय. बाईंचा हात दिसतोय, घड्याळावर ठेवलेला."

"कुठे?"

"हा काय."

"कुठे म्हणतो मी!"

मास्तर पडद्यावर वाकले. एका बाजूला खिडकीचा पांढरा डाग होता, कडा फिसकटलेल्या. बाकी काही नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, लावला, मान तिरकी केली. शेवटी बहिणीनं त्यांचं बोट धरलं आणि पडद्यावर एका जागी टेकवलं. तिथे हात होता, असं तिचं म्हणणं होतं. रंगवालाही मान हलवत होता. मास्तरांच्या बोटाखाली नुसती थंड काच लागली.

तेव्हा त्यांना भीती वाटली. छत्तीस वर्षांत अंधाराची कधी वाटली नव्हती ती.

मग सगळं भराभर जुळलं, आणि इतकं सोपं होतं की त्यांना आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. नीट दिसत नाही म्हणून ब्राइटनेस जरा वर. दुसऱ्या दिवशी आणखी जरा वर. आणि पडदा लख्ख झाला की उजेड जास्त वाटतो म्हणून दिव्यावर आणखी एक कापड टाका, लेन्स आणखी अर्धा स्टॉप मिटा. मॉनिटर रोज त्यांची समजूत घालत होता, आणि कॅमेऱ्यात रोज थोडा जास्त काळोख जात होता. मुंग्या कॅमेऱ्यातल्या नव्हत्या. सुनेच्या तर नव्हत्याच.

"डोळे कधी तपासलेस?" बहिणीनं विचारलं.

"चष्मा नवा आहे."

"कधीचा?"

"तुझ्या मागच्या सिनेमाच्या वेळचा."

"दादा, त्याला सात वर्षं झाली."

रंगवाला चहा सांगायला म्हणून बाहेर गेला. चहा सांगायला फोन होता, पण तो गेला. मास्तरांनी मॉनिटरची तार काढली, ती हातावर गुंडाळत म्हणाले, "सोमवारी मी येत नाही. बघ दुसरा कुणी."

हे बोलल्यावर ते थांबले. समोरचा माणूस म्हणतो ना, असं काय करतोस, डोळ्यांचं काय, होईल बरं, तुझ्याशिवाय कसं होणार. बहिणीनं यातलं काही म्हटलं नाही. तिचे डोळे भरले होते, आणि तरीही ती मनात नावं चाळत होती, हे मास्तरांना स्पष्ट दिसलं. दिसायचं ते नेमकं दिसत होतं. दिग्दर्शक म्हणून तिचं बरोबरच होतं, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं.

"सुनेला परत बोलावते," ती म्हणाली. "कारण मात्र तू सांग. आणि फोनवर नको."

घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बायको बाहेर गेली होती. सून गॅलरीत, टेबलावर तारांचा गुंता घेऊन बसली होती आणि एकेक तार वेटोळं करून बांधत होती. मास्तर उभ्याउभ्याच बोलले. मॉनिटर, बटण, काळी पट्टी, म्हातारीचा न दिसलेला हात. वाक्यं तुटक आली, मध्येच उगीच आवाज चढला, मध्येच बसला. शेवटी म्हणाले, "तुझा काही दोष नव्हता. आणि माझ्यामुळे तुला घरी बसवलं. चुकलं माझं."

"आत्यांचा फोन आला मगाशी," ती म्हणाली. "कारण नाही बोलल्या. म्हणाल्या, दादा सांगेल."

"जाशील ना?"

"जाईन."

तिनं हातातली तार बांधून पूर्ण केली, आत गेली आणि एक फाइल घेऊन आली. सेटवरचे रोजचे अहवाल. कुठला शॉट, कितीदा घेतला, उजेड किती, शेवटी शेरा. दिवस संपला की सून ते कॅमेरामनपुढे धरायची आणि कॅमेरामन सही करायचा. मास्तरांनी पहिला कागद हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला, मग गॅलरीच्या कडेला जाऊन उजेडात धरला. मग परत दिला.

"तूच वाच."

"पहिला दिवस. दुकान, आतून. उजेड अर्धा स्टॉप कमी." तिनं कागद उलटला. "चौथा दिवस. एक स्टॉप कमी. सातवा. दीड."

"आणि मी सही केली?"

"प्रत्येकावर. मला वाटलं तुम्ही वाचून करताय. बाबांना चित्र अंधारंच हवं असेल, म्हातारीचं दुकान आहे, त्यांनी ठरवलं असेल असं वाटलं." तिनं पुढचा कागद घेतला. "अकरावा दिवस. दोन स्टॉप कमी. मास्तरांना तोंडी सांगितले. युनिट हसले."

मास्तरांना तो दिवस आठवला. त्यांच्या स्वतःच्या आठवणीत तर तो चांगला दिवस होता. सूनबाई ग्राफ घेऊन आली होती आणि ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "उजेड ग्राफवर बघायचा असेल तर कॅमेरामन कशाला, हवामान खात्याचा माणूस बसवा!" दिवेवाले पोट धरून हसले होते. तो विनोद त्यांनी घरी जेवतानाही सांगितला होता. ही समोरच बसली होती.

"हे तू आत्याला का दाखवलं नाहीस? काल तुला घरी बसवलं तेव्हा?"

"दाखवलं असतं तर तुम्हाला बसवलं असतं. मला दुसरं काम मिळेल, बाबा."

मास्तरांनी गॅलरीचा कठडा धरला. मग म्हणाले, "बारावा वाच."

"बाराव्याला शेरा नाही. तेराव्याला, चौदाव्यालाही नाही. मी लिहिलं नाही."

"का?" मास्तर उसळले. इतक्या दिवसांचा साचलेला सगळा वैताग एकदम वर आला. त्याला शेवटी एक जागा सापडली होती. "का नाही लिहिलंस? तो काळा कोट त्याच तीन दिवसांतला! सगळ्यात वाईट तेच आहेत! एक विनोद केला म्हणून तू लिहायचं सोडलंस? हे काम आहे का पोरखेळ?"

सुनेनं मान खाली घातली. "ते चुकलंच माझं. रागानं सोडलं. म्हटलं, कोरा कागद बघून तरी विचारतील, सूनबाई, आज शेरा का नाही?"

तिनं तिन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"तुम्ही कोऱ्यावरही सही केलीत, बाबा. तेव्हा मला कळलं की आधीचेही तुम्ही वाचले नव्हते."